चुका करू देणारा आयसीयू

व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो. हवेचा दाब वाढलेला, रुग्णाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६ वरून ८४ वर घसरलेलं. श्वासनलिकेतली नळी जागची हलली, कफाने तुंबली, फुप्फुसाभोवती हवा साठली, की यंत्रातच बिघाड झाला? आयसीयूतल्या सिस्टरला या चारही शक्यता काही क्षणांत तपासाव्या लागतात. उलगडा होईना, तर व्हेंटिलेटर सोडवून अँबू बॅगने श्वास द्यायचा आणि मदतीला हाक मारायची. हा क्रम पुस्तकातून कळतो, पण अंगवळणी पडत नाही. आणि जिवंत माणसावर तो गिरवता येत नाही. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं प्रशिक्षण ही अडचण सोडवण्यासाठी आहे.

आयसीयूची सुरुवातच माणसांच्या हातांनी झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी पिशव्या दाबत रुग्णांना श्वास दिला. त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. पुढे यंत्रं आली, तरी खाटेशेजारचं जाणतं माणूस अपरिहार्यच राहिलं. तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी १९६० साली नॉर्वेतून 'रेसुसी अ‍ॅन' हा पुतळा आला. दुसरीकडे, १९६८ साली अमेरिकेत संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा संगणकी पडदा दाखवला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागे. आजचा हेडसेट जेमतेम अर्ध्या किलोचा असतो.

तो डोळ्यांवर चढवला, की समोर खाट, मॉनिटर, सलाइनचे पंप दिसतात. मान वळेल तसं दृश्य वळतं, हातांच्या हालचाली सेन्सर टिपतात. रुग्णाची अवस्था शिकणाऱ्याच्या निर्णयांप्रमाणे बदलते: कफ ओढून काढायला (सक्शनला) उशीर झाला, तर सॅच्युरेशन आणखी खाली जातं. सिस्टरने आधी काय पाहिलं, डॉक्टरांना केव्हा कळवलं, याची नोंद राहते. तोच प्रसंग हवा तितक्या वेळा पुन्हा उभा करता येतो.

खरं शिक्षण मात्र हेडसेट उतरवल्यावर होतं. अनुभवी शिक्षिका नोंदी समोर ठेवून विचारते, "तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" न रागावता झालेल्या या चर्चेत चूक का झाली, ते सापडतं. त्यासाठी वेळ ठेवला नाही, तर हेडसेट निव्वळ खेळणं ठरतो.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. काहींना चक्कर येते, मळमळतं. नाडीचा स्पर्श, छाती दाबताना लागणारा जोर, सक्शन कॅथेटर सरकवताना जाणवणारा अडथळा त्यात येत नाही. हाताचं कसब पुतळ्यावर आणि ज्येष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली रुग्णाजवळच शिकावं लागतं. आभासी खोली नजर आणि निर्णय घडवते.

२०२० च्या कोविड लाटेत मुंबई-पुण्यासह जगभर जनरल वॉर्डातल्या कितीतरी परिचारिकांना तुटपुंज्या तयारीवर आयसीयूत उभं राहावं लागलं. त्यांच्या धैर्याचं कौतुक झालं. पण तयारी करून देणं ही व्यवस्थेची जबाबदारी होती. म्हणून रुग्णालयाने हेडसेटची खरेदी करताना त्याच खर्चात प्रशिक्षिकेची नेमणूकही धरावी आणि सरावाचे तास ड्युटीतच मोजावेत. रात्रपाळी संपवून पेंगुळलेल्या सिस्टरला सुट्टीच्या दिवशी बोलावून कोणतंही यंत्र काही शिकवू शकणार नाही.