शाळेच्या सभेतली आपली खुर्ची रिकामी का?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपला समाज लाखोंच्या संख्येने जातो. पदरमोड करून जातो, परतताना पुस्तके घेऊन येतो. याचा आपल्या सर्वांनाच अभिमान आहे. पण ज्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आपले लेकरू रोज बसते, त्या शाळेची दर महिन्याला एक सभा असते आणि त्या सभेत कायद्याने आपल्यालाही खुर्ची दिली आहे, हे किती जणांना माहीत आहे? आणि माहीत असलेल्यांपैकी किती जण त्या खुर्चीवर जाऊन बसतात? प्रश्न कडू आहे, पण विचारणे भाग आहे.

शिक्षणाचे महत्त्व आंबेडकरी समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात ते मोफत व सक्तीचे केले. परंतु शाळेचे दार उघडले म्हणून शाळेतली जात संपत नाही. बाबासाहेबांना बालपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाटही घरून न्यावे लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे काही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते, तो शाळेचा रोजचा शिरस्ता होता. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. पण आपल्या मुलाच्या शाळेतला हा शिरस्ता बदला, असे अधिकाराने सांगण्याची जागा त्यांनाही नव्हती.

आज ती जागा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठी २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, असे कायदा स्पष्ट सांगतो. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा पैसा कसा खर्च झाला ते पाहणे, ही या समितीची कामे आहेत. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे मुख्याध्यापकांनी इतिवृत्त लिहायचे आणि पालकांनी प्रश्न विचारायचे, अशी ही रचना आहे.

प्रत्यक्षात काय चालते? बहुतेक गावांत समिती कागदावर असते. अध्यक्ष गावपुढाऱ्यांच्या सोयीचा. सभा झालीच तर पाच मिनिटांची. एरवी वही घरी पाठवून सही किंवा अंगठा घेतला जातो. आपल्या वस्तीतल्या एका बाईचे नाव 'प्रमाणात प्रतिनिधित्व' म्हणून यादीत असते, पण आपण सदस्य आहोत हे त्या माउलीला ठाऊकही नसते. निवड ज्या पालकसभेत होते, त्या दिवशी आपण मजुरीला गेलेलो असतो. मजुरी बुडवणे परवडत नाही, हे खरे. पण न गेल्याने काय बुडते, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे.

मराठवाड्यातल्या एका शाळेच्या सभेला मी काही पालकांच्या आग्रहावरून गेलो होतो. आपल्या वस्तीतल्या, तिसरीत शिकणाऱ्या मुलीच्या आईने उभे राहून विचारले, "सर, शाळा झाडायला रोज आमचीच पोरं का?" मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, हे श्रमदान आहे. सगळीच मुले करतात." त्यावर ती माउली शांतपणे म्हणाली, "मग सगळ्यांची नावं वार लावून भिंतीवर लिहा. पाटलाच्या पोराचं बी लिहा. आमची पोरं त्यांच्या वाराला झाडतील." सभेत क्षणभर कोणी बोलेना. मग हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावायच्या आणि संडास मुलांकडून धुवून घ्यायचा नाही, असा ठराव झाला आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला. त्या बाईने ना मोर्चा काढला, ना कोणाला शिवी दिली. तिने फक्त आपली खुर्ची वापरली.

वकील म्हणून एक गोष्ट इथे सांगतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही झाडण्याचे किंवा घाण काढण्याचे काम करायला भाग पाडणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे गुन्हा आहे. पण प्रत्येक वेळी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये, म्हणूनच सभेत वेळेवर बोलायचे. सभेत नोंदवलेला प्रश्न हा पुढे गरज पडल्यास पुरावाही असतो.

समितीच्या हातात खरेच काही असते का, असे विचारणाऱ्यांनी गणवेशाचे प्रकरण आठवावे. २०२४-२५ मध्ये शासनाने समित्यांचा अधिकार बाजूला सारून राज्यभर एकच गणवेश देण्याची योजना राबवली. अनेक ठिकाणी कपडे उशिरा आले, आले ते मापात बसेनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. मंत्रालयाला जे जमले नाही ते गावच्या समितीला जमते. अट एकच, समिती जिवंत हवी. कापड कोणते घेतले, शिलाई कोणाला दिली, पावती कुठे आहे, हे विचारणारा पालक तिथे हवा.

तीच गोष्ट पोषण आहाराची. जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसते, पाण्याच्या भांड्याला कोण हात लावते, हे एकदा दुपारी शाळेत जाऊन डोळ्यांनी पाहा. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिलेला आहे. आपल्या शाळेत खिचडी कोण शिजवते आणि आपल्या बाईने अर्ज केला तेव्हा काय उत्तर मिळाले, हा सभेचाच विषय आहे.

आणखी एक बाब, जिच्यामुळे पुढे कोर्टकचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीच्या प्रवेशावेळी धर्म आणि जात काय लिहिली जाते, ते आपण पाहतच नाही. कुणी 'हिंदू' लिहून मोकळे होतो, कुणी 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना कोरा ठेवतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती घटनात्मकरीत्या मिळाल्या, पण त्यासाठी मूळ जातीची नोंद लागते. जात पडताळणीच्या वेळी याच रजिस्टरचा उतारा मागितला जातो. नोंद चुकीची असेल तर मूल शाळेत असतानाच लेखी अर्ज करून दुरुस्तीची कार्यवाही सुरू करा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर तो ताबडतोब द्यावा लागतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही. हे सगळे याच कायद्यात आहे.

आता दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. मुख्याध्यापक हा आपला शत्रू नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरण्यात आणि तांदळाचा हिशेब ठेवण्यात गुंतलेला असतो, दुसरा चार वर्ग सांभाळतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना इतर कामांना जुंपू नये, असे कायद्याचे कलम २७ सांगते. हे पाळले जात नसेल तर समितीने शिक्षकांच्या बाजूने ठराव करावा. जो पालक शिक्षकाच्या अडचणीला उभा राहतो, त्याच्या प्रश्नाला शिक्षकही मान देतो.

अनुदानित शाळांमध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती केवळ सल्लागार आहे, तर विनाअनुदानित शाळांना ती लागूच नाही. तिथे पालक-शिक्षक संघात शिरावे लागेल. या शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशांवरही घाला आला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, अशी अधिसूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द केली. हक्क कागदावर आला तरी तो राखावा लागतो, याचा हा ताजा धडा आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, काम अवघड नाही. समितीच्या सदस्यांची यादी शाळेत जाऊन मागा. मागच्या सभांची इतिवृत्ते पाहा, ती सर्वांना पाहण्यासाठी खुली असतात. नवी समिती निवडायची पालकसभा कधी आहे, ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी वस्तीतून दहा आया एकत्र जा. एका सभेत एकच प्रश्न, पण लेखी द्या आणि पोच घ्या. न वाचता सही करू नका. दाद मिळाली नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे बंधन आहे. बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे शाळेसाठी ठेवा. कोणी काय विचारायचे ते तिथेच ठरवा.

बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या संविधानाचा सर्वांत लहान, सर्वांत जवळचा दरबार म्हणजे आपल्या गावच्या शाळेतली ही महिन्याची सभा. तिथली आपली खुर्ची दुसऱ्या कोणी हिसकावलेली नाही, ती आपण रिकामी सोडली आहे. पुढच्या महिन्याच्या सभेची तारीख आजच विचारून घ्या.

जयभीम!