दाबाचें पाणी आणि साबणाची नळी

औरंगपुऱ्यासारख्या गजबजलेल्या पेठेंत दुकानाची पायरी किंवा दुचाकी धुण्याचें 'प्रेशर वॉशर' हें यंत्र आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. पाणी जोरानें येतें, परंतु साबण येत नाहीं, ही त्याच्यासंबंधींची नित्याची तक्रार होय. पंपच बिघडला अशा समजुतीनें यंत्र दुरुस्तीस धाडलें जातें. दोष मात्र बहुधा क्षुल्लक असतो.

अशा बहुतेक यंत्रांत साबण ढकलला जात नाहीं, ओढला जातो. पंपापुढें एक अरुंद गळा असतो. त्यांतून जातांना पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. मग बाहेरच्या हवेच्या दाबानें साबण नळींतून वर चढतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें हें तत्त्व 1797 सालीं प्रसिद्ध केलें. पुढचें तोंड बारीक असेल तर पाणी तुंबून गळ्यांतील दाब पुन्हां वाढतो व साबण थांबतो. यास्तव साबणासाठीं मोठ्या छिद्राचें, बहुधा काळ्या रंगाचें, नोझलच लावावें.

तें योग्य असूनही साबण न आल्यास साबणाची नळी पेलाभर स्वच्छ पाण्यांत बुडवून यंत्र चालवावें. पेल्यांतील पाणी उतरलें, तर दोष घट्ट साबणाचा. तो पातळ करावा. न उतरल्यास वीज व नळ बंद करून, घोडा दाबून उरलेला दाब सोडावा आणि क्रमानें पाहावें: नळीच्या टोकाची जाळी तुंबली आहे काय, नळीस चीर पडून हवा शिरते काय, आणि सांध्यांतील लहानशी गोळी वाळलेल्या साबणानें चिकटली आहे काय. गोळी कोमट पाण्यानें सुटते.

मराठवाड्याच्या काळ्या खडकांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशीं संयोग पावून साध्या साबणाचा चिकट साका बनतो, आणि तोच या बारीक वाटा बुजवितो. म्हणून यंत्रासाठीं बनविलेलें द्रावणच वापरावें. कपड्यांची पूड किंवा ब्लीच घालूं नये.

काम संपतांच तीच नळी स्वच्छ पाण्यांत बुडवून यंत्र मिनिटभर चालविलें, तर पुढची बरीचशी दुरुस्ती टळते. ज्या शहरानें जायकवाडीच्या पाण्यासाठीं वर्षानुवर्षें दिवस मोजले, तेथें साबण येण्याची वाट पाहत फवारा वाहूं देणें परवडणारें नाहीं. मिनिटभराच्या निगेंत वांचतें तें पैशांपेक्षां अधिक पाणीच होय.