आवाज बसतो तेव्हा

स्नेहसंमेलन आटोपले की आपल्या महाविद्यालयात निम्म्या मंडळींचे घसे बसलेले असतात. खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या; आठवड्यात सारे पूर्ववत होते. माझ्या आजोबांचे तसे झाले नाही. रोज संध्याकाळी ओसरीवर पोथी वाचणारा त्यांचा खणखणीत आवाज हळूहळू इतका खाली गेला की शेजारी बसलेल्या आजीलाही ऐकू येईना. 'वय झाले', असे आम्ही सारेच म्हणालो. काढे झाले. पुढे दीड वर्षाने हाताला कंप सुटला तेव्हा कोठे निदान झाले : कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा विकार.

घशाचा मेंदूशी काय संबंध, असे तेव्हा मला वाटले होते. स्वरतंतू हलविणाऱ्या स्नायूंना हुकूम पोचतो तो मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या मज्जातंतूच्या शाखांमार्फत. त्यांतली डावी शाखा तर सरळ घशात न जाता आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीनेही आवाज बसू शकतो! दुसऱ्या शतकात गालेन या ग्रीक वैद्याने डुकराचे हे मज्जातंतू कापले, तेव्हा ओरडणारे डुक्कर एकदम मुके झाले होते.

कंपवातात आवाज क्षीण व एकसुरी होतो. बोलणाऱ्याला मात्र तो नेहमीसारखाच वाटतो. 'तुम्हालाच ऐकू कमी येते', असे आजोबा चिडून म्हणत, ते उगाच नव्हे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात बोलता बोलता आवाज थकतो, नाकातून येऊ लागतो आणि विश्रांतीने सुधारतो. पापण्याही जड होतात. चालक मज्जापेशींच्या विकारात जीभ जड होते, पाणी पिताना ठसका लागतो. स्टीफन हॉकिंग यांना हाच विकार असल्याचे १९६३ साली कळले. १९८५ मध्ये श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलासुरला आवाजही गेला.

हे वाचून कोणी घाबरू नये. बसलेला घसा बहुधा सर्दीचा, ओरडण्याचा, तंबाखूचा नाहीतर आम्लपित्ताचाच असतो. मात्र तीन आठवडे उलटूनही आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत. आणि एकाएकी बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर गुळण्या करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

आजोबांचा आजार बरा झालेला नाही. वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते रोज मोठ्याने 'आ' लावतात आणि त्यानंतर पोथीची चारदोन पाने वाचतात. आजी समोर बसते आणि ऐकू आले नाही की हात वर करते.