डीबगर चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा

प्रोग्राम कुठेतरी गडबडला की प्रोग्रामर डीबगर उघडतो. डीबगर त्या प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत काय आहे ते समोर मांडतो. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या मोजक्या, अतिशय वेगवान जागा. बेरीज-वजाबाकी, तुलना, पत्त्यांचा हिशेब असं सगळं काम तिथे चालतं. आपल्या लॅपटॉपमधल्या ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरात अशी सर्वसाधारण रजिस्टरं १६ असतात. शिवाय पुढची सूचना कुठून घ्यायची हे सांगणारं आरआयपी असतं, आणि मोठ्या गणितासाठी आणखी रजिस्टरांचा वेगळा ताफा असतो.

डीबगरने दाखवलेला आकडा सहसा कुणी पडताळून पाहत नाही. पडताळायचा तरी कशाने? तेच तर शेवटचं साधन. म्हणून डीबगरमधली रजिस्टरांची चूक मला इतर कुठल्याही चुकीपेक्षा गंभीर वाटते. प्रोग्राम कोसळला तर निदान कोसळल्याचं कळतं. डीबगरने चुकीचा पण पटेल असा आकडा दाखवला, तर माणूस निर्दोष कोडमध्ये दोष शोधत बसतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला जीडीबी हा डीबगर आजही लिनक्सवर रोज वापरला जातो. त्याच्या दुरुस्त्यांच्या इतिहासात रजिस्टरांच्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. त्याचं कारण डीबगरच्या कामाच्या पद्धतीतच आहे. डीबगर दुसऱ्या प्रोग्रामची रजिस्टरं थेट वाचू शकत नाही. प्रोग्राम थांबला की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ती रजिस्टरं मेमरीत उतरवून ठेवतो. डीबगर पीट्रेस नावाच्या सोयीतून ती प्रत मागवतो, स्वतःजवळ तिची नोंद ठेवतो, आणि काही बदलायचं असेल तर सुधारलेली प्रत परत पाठवतो. प्रत्येक टप्प्यावर रजिस्टराचा आकार, क्रम आणि चिन्ह यांवर दोन्ही बाजूंचं एकमत असावं लागतं.

साधा ब्रेकपॉइंटच घ्या. प्रोग्राम जिथे थांबवायचा, तिथल्या सूचनेचा पहिला बाइट डीबगर बाजूला काढून ठेवतो आणि त्या जागी २०४ हा आकडा लिहितो. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी त्याचा अर्थ 'थांब' असा होतो. ही एका बाइटची सूचना पार पाडून प्रोसेसर थांबतो, तोवर आरआयपी एक बाइट पुढे गेलेलं असतं. डीबगरने ते एकने मागे आणायला हवं. नाहीतर पुन्हा सुरू झालेला प्रोग्राम सूचनेच्या मधूनच वाचायला लागेल. एआरएम प्रोसेसरवर मात्र हा पत्ता ब्रेकपॉइंटवरच राहतो. तिथे एक वजा केला तर तीच चूक ठरेल.

आता एक अवघड प्रकरण, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातलं सर्वांत शिकवणारं. प्रोग्राम कीबोर्डवरून काही येण्याची वाट पाहतो आहे, म्हणजे कर्नलकडे केलेली त्याची एक मागणी, एक सिस्टिम कॉल, अर्धवट आहे. आपण डीबगरमधून त्याला थांबवतो. कर्नल उत्तराच्या रजिस्टरात, म्हणजे आरएएक्समध्ये, उणे ५१२ ठेवतो. हा त्याचा खासगी संकेत आहे: हा कॉल पुन्हा करायचा आहे. प्रोग्राम पुढे निघताना कर्नल तो संकेत ओळखतो आणि आरआयपी दोन बाइट मागे घेतो, कारण सिस्टिम कॉलची सूचना दोन बाइटची असते. मग कॉल नव्याने होतो आणि प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही.

पण समजा, थांबलेल्या अवस्थेत आपण जीडीबीला सांगितलं की याच प्रोग्राममधलं अमुक फंक्शन चालवून उत्तर दाखव. जीडीबी सगळी रजिस्टरं जपून ठेवतो, आरआयपीत त्या फंक्शनचा पत्ता लिहितो आणि प्रोग्राम सोडतो. कर्नलला उणे ५१२ दिसतं, तो सवयीने दोन बाइट मागे जातो, आणि फंक्शन त्याच्या सुरुवातीच्या दोन बाइट अलीकडून सुरू होतं. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. यावर उपाय आहे तो ओरिग-आरएएक्समधून. प्रोसेसरमध्ये असं रजिस्टर नाहीच. मूळ कॉलचा क्रमांक लक्षात ठेवण्यासाठी लिनक्सने राखलेली ती एक जागा आहे. जीडीबी पत्ता बदलताना तिथे उणे १ लिहितो. मग कोणताही कॉल अर्धवट नव्हता असं कर्नल धरतो आणि पत्त्याला हात लावत नाही.

तरीही एक फट राहिलीच होती. ६४-बिट जीडीबीतून जुना ३२-बिट प्रोग्राम तपासताना जीडीबी आपल्या नोंदीत ईएएक्स, म्हणजे आरएएक्सचा खालचा अर्धा भागच ठेवत असे. फंक्शन संपल्यावर रजिस्टरं पूर्ववत करताना वरचे ३२ बिट शून्य होऊन जात. उणे ५१२ या संख्येत ते सगळे बिट १ असायला हवेत. ते शून्य झाले की तीच संख्या ४,२९,४९,६६,७८४ होते. कर्नलला आपला संकेत ओळखू येईना, कॉल पुन्हा सुरू होईना, आणि प्रोग्रामच्या हाती 'त्रुटी ५१२' पडू लागली. हा आकडा कर्नलच्या भिंतीबाहेर कधी यायलाच नको होता.

ही चूक करणाऱ्याला दोष देणं कठीण आहे. ६४-बिट प्रोसेसरचा नियमच असा आहे की ईएएक्समध्ये काही लिहिलं की वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो. म्हणजे शून्य हेच बरोबर उत्तर वाटतं. प्रोसेसरचा नियम पाळला गेला, पण ती प्रत ज्याला वाचायची होती त्या कर्नलची अपेक्षा वेगळी होती. जीडीबीच्या स्वतःच्या चाचणीसंचातली एक चाचणी नापास होत होती, तिच्यामुळे हे उघडकीला आलं. ईएएक्स परत लिहिताना त्याचं चिन्ह वरच्या बिटांत पसरवायचं, एवढीच दुरुस्ती. कोडच्या ओळी थोड्या, पण त्यांच्या डोक्यावरची टिप्पणी लांबलचक आहे, आणि ती तशी असायलाच हवी. ती नसती तर पुढच्या एखाद्या साफसफाईत कुणीतरी त्या ओळी निरर्थक समजून काढून टाकल्या असत्या.

दुसरं प्रकरण मोठ्या रजिस्टरांचं. ५१२ बिट रुंदीची ही रजिस्टरं मेमरीत एका आखलेल्या पट्ट्यात उतरवली जातात. कोणता गट कितव्या बाइटपासून सुरू होतो हे जीडीबीने इंटेलच्या प्रोसेसरवरून पक्कं धरलं होतं. इंटेलच्या आखणीत इतर काही सोयींसाठी मध्ये जागा सोडलेली आहे. एएमडीने २०२२ मध्ये झेन-४ प्रोसेसरात ही मोठी रजिस्टरं आणली, पण मधली जागा सोडली नाही. त्यामुळे रजिस्टरांचा जो गट इंटेलवर १०८८व्या बाइटपासून सुरू होतो, तो इथे ८३२व्या बाइटपासून सुरू होतो. एका चाळीचे खोली-क्रमांक पाठ केलेल्या पोस्टमनने कमी खोल्यांच्या दुसऱ्या चाळीत त्याच क्रमांकांवर पत्रं टाकावीत, तसं जीडीबीचं झालं. एकाचं मूल्य दुसऱ्याच्या नावावर दिसू लागलं.

२०२३ अखेर आलेल्या जीडीबी १४ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. आता जीडीबी सीपीयूआयडी सूचनेने प्रोसेसरलाच विचारतो की तुझी कोणती रजिस्टरं कुठे आहेत. कोलमडलेल्या प्रोग्रामची मागे राहिलेली कोअर फाइल तपासताना मात्र विचारायला प्रोसेसर हाताशी नसतो. ती फाइल कदाचित वेगळ्याच यंत्रावर बनलेली असते. तिथे पट्ट्याच्या एकूण लांबीवरून अंदाज बांधावा लागे. लिनक्सने २०२४ मध्ये कोअर फाइलमध्येच ही आखणी लिहून ठेवायची सोय केली, आणि मला ती दुरुस्ती जीडीबीतल्या दुरुस्तीइतकीच महत्त्वाची वाटते.

माहीत नाही असं सांगता येणं हाही चांगल्या डीबगरचा गुण आहे. एखादं रजिस्टर मिळालं नाही, किंवा आधीच्या फंक्शनने ते जपून ठेवलंच नाही, तर जीडीबी तसं स्पष्ट लिहून दाखवतो. तिथे सोयीसाठी शून्य छापणं हा शुद्ध अन्याय होईल, कारण शून्य हेही एक खरंखुरं मूल्य आहे.

या कामाचा आपल्याशी थेट संबंध येऊ लागला आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीवर बांधलेले आहेत. या पद्धतीची सुरुवात २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. तिच्यात ३२ रजिस्टरं असतात आणि त्यातलं पहिलं कायम शून्य असतं; डीबगरने तिथे ७ लिहिले तरी वाचताना शून्यच आलं पाहिजे. लहान आवृत्तीत रजिस्टरं १६च असतात. शिवाय कुणीही आपल्या प्रोसेसरात स्वतःची खास रजिस्टरं घालू शकतो. म्हणून बोर्डाच्या बाजूने डीबगरला आधी रजिस्टरांची यादी पाठवावी लागते, आणि त्या यादीत एक रुंदी चुकली तर तिच्यापुढची सगळी मूल्यं सरकतात.

पुण्या-नागपूरपासून रत्नागिरीपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषा शिकवली जाते, पण डीबगरच्या पोटात काय चालतं ते फारसं कुणी उघडून दाखवत नाही. जीडीबीचा संपूर्ण कोड आणि त्याचा चाचणीसंच मोफत खुला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो संच रिस्क-फाइव्हच्या एखाद्या बोर्डावर चालवून पाहावा, नापास झालेली एक चाचणी निवडावी आणि ती का नापास झाली ते रजिस्टरापर्यंत जाऊन शोधावं.