पाखराच्या पायातील पत्ता

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाला भोरडी कशी असते, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाळा सरता सरता ती थव्याथव्याने येते आणि ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की त्यांवर तुटून पडते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत भोरड्या हाकण्यात आमच्या मागच्या पिढ्यांचे बालपण गेले. पुढे पळस आणि काटेसावर फुलली की हीच भोरडी त्या फुलांतील मध चाखताना दिसते, आणि चैत्र-वैशाखाच्या सुमारास एकाएकी नाहीशी होते. "हे पाखरं कुठी जातेत, आबाजी?" असे मी लहानपणी विचारले, तेव्हा "जातेत आपल्या देशाले" एवढेच उत्तर मिळाले होते. उत्तर बरोबरच होते. भोरडीचा 'देश' म्हणजे पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतचा गवताळ प्रदेश. तेथे ती घरटी करते. पण अमुक ठिकाणचे पाखरू तमुक ठिकाणी जाते, हे माणसाने ठरविले कसे?

या प्रश्नाला उत्तर देण्याची एक साधी युक्ती डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या एका शिक्षकाने रूढ केली. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन हे त्यांचे नाव. १८९९ साली त्यांनी मैना पकडून त्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली आणि त्या मैना सोडून दिल्या. प्रत्येक कड्यावर एक क्रमांक व गावाचे नाव कोरलेले होते. ही युरोपातील मैना म्हणजे आपल्या भोरडीच्याच कुळातील. कडे सापडले की पाखरू कोठून निघाले आणि कोठवर पोचले, ही दोन्ही टोके हाती येतात. पक्षिशास्त्रातील एक मोठे दालन या चिमुकल्या कड्याने उघडले.

हे काम समुद्रकिनारी विशेष चालते, त्याला कारण आहे. लहान गाणारी पाखरे बहुधा रात्री प्रवास करतात. जमिनीवरून जाताना थकवा आला तर कोठेही उतरता येते. समुद्रावर मात्र विसाव्याला फांदी नाही. म्हणून ती किनाऱ्यावर थांबतात, किडे-फळे खाऊन अंगात चरबी साठवितात आणि मग पाण्यावर झेप घेतात. एरवी रानावनांत विखुरलेली पाखरे येथे एकवटतात. बाल्टिक समुद्राकाठी रॉसिटेन येथे १९०१ साली पक्षिनिरीक्षण केंद्र सुरू झाले, ते याचमुळे. शरद ऋतूत तर त्या वर्षी जन्मलेली पिलेही प्रथमच प्रवासाला निघालेली असतात. त्यामुळे जाळ्यात आलेल्यांत पिले किती आणि प्रौढ किती, यावरून त्या वर्षीची वीण कशी झाली याचाही अदमास येतो.

आपल्या देशातील असे ठिकाण म्हणजे तमिळनाडूतील कोडीकराई. येथे किनारा वळतो आणि पलीकडे श्रीलंका असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे कडी घालण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. झुडपांच्या मधून बारीक काळ्या धाग्याचे जाळे उभे ताणतात. पाखराला ते दिसत नाही. थोड्या थोड्या वेळाने जाळी पाहावी लागतात, नाहीतर अडकलेला जीव ऊन-पावसाने दगावेल. पाखरू अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात, वजन करतात, पंख मोजतात. पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला सारली की कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. प्रवासाची शिदोरी किती आहे, हे तिच्यावरून कळते. मग कडे घालून पाखराला मोकळे करतात.

आपल्याकडे या कार्याला मोठी चालना मिळाली ती १९५९ साली, आणि तीही एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातील ताप उद्भवला. त्याचे विषाणू गोचिडांतून पसरतात. स्थलांतरी पक्षी तर अशा गोचिडी वाहून आणीत नसतील ना, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सलीम अली यांनी पक्षिस्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. पाखरे इजा न करता पकडण्यासाठी त्यांनी बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पारध्यांचे कसब वापरले. आपल्या फासेपारध्यांचे रानाविषयीचे ज्ञानही याच तोडीचे आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मेळघाटात पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, घरटे करतो आणि पावसाळा संपल्यावर दक्षिणेकडे निघून जातो. शरद ऋतूत कोडीकराईच्या जाळ्यांत नवरंग सापडतात. दोन ठिकाणांत हवाई अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. मेळघाटचा नवरंग आणि कोडीकराईचा नवरंग एकच, असे केव्हा म्हणता येईल? एका टोकाला घातलेले कडे दुसऱ्या टोकाला कुणी वाचले, तरच. आणि लहान पाखरांच्या बाबतीत हजार कड्यांमागे जेमतेम काहींचाच पुन्हा पत्ता लागतो. किनाऱ्यावरचा शास्त्रज्ञ फक्त पत्र टाकतो. उत्तर आपल्यासारख्यांनी द्यायचे असते.

कुणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, कडी कशाला? २०१३ साली नागालँडमध्ये अमूर ससाण्यांच्या पाठीवर सुमारे पाच ग्रॅमची यंत्रे बसविली गेली आणि महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाणारी त्यांची वाट कळली, हे खरे. पण ज्या वटवट्याचे सारे वजनच सात-आठ ग्रॅम, त्याने ते ओझे कसे पेलावे? त्याच्यासाठी कडेच हवे.

शिवाय आपले शिवार बदलले आहे. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, फवारण्या वाढल्या, बांधावरचे पळस तुटले. याचा पाखरांवर काय परिणाम होतो, हे पुष्कळ वर्षांच्या नोंदींवाचून सांगता येणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक विनंती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून पाखरे पकडणे हा गुन्हा आहे. तेव्हा जाळे लावण्याच्या भानगडीत पडू नका. पण गावाकडे मेलेले किंवा जखमी पाखरू दिसले, तर त्याच्या पायाकडे पाहा. कडे असेल तर त्यावरील सर्व अक्षरे व अंक जसेच्या तसे उतरवून घ्या. गाव, तारीख आणि पाखरू कोणत्या अवस्थेत सापडले ते लिहा, आणि कड्यावर नाव असलेल्या संस्थेला कळवा. जिवंत पाखराचे कडे काढू नका. रविवारच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे जमण्यासारखे आहे.