ऑक्सिटोसिन आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे काळजीवाहक

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीची घरी दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना काळजीवाहक म्हणतात. त्यांच्यावरील ताण ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने हलका करता येईल काय, हा वैद्यकीय संशोधनातील एक प्रश्न आहे. हे संप्रेरक नाकातील फवाऱ्याने दिले जाते.

ताणाचे शारीरिक परिणाम

काळजीवाहकाचा ताण हा केवळ मनाचा थकवा नव्हे. रात्री-अपरात्री उठणारा, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणारा आणि अखेरीस आपल्याच माणसांना न ओळखणारा रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळताना शरीरही झिजते. ताणाच्या काळात अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल स्रवते. ही अवस्था दीर्घकाळ टिकली की रोगप्रतिकारशक्ती मंदावते. अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व सहकाऱ्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्याच वयोगटातील इतर 13 स्त्रिया यांच्या त्वचेवर सारख्या आकाराची लहानशी जखम करण्यात आली. काळजीवाहक स्त्रियांची जखम भरण्यास सरासरी नऊ दिवस अधिक लागले.

संप्रेरकाची पार्श्वभूमी

ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांचे बनलेले असून ते मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीतून रक्तात मिसळते. गर्भाशयाच्या आकुंचनावरील त्याचा परिणाम हेन्री डेल यांनी 1906 साली दाखवला. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी 1953 साली ते प्रयोगशाळेत तयार केले. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे प्रसूतीच्या वेळी दिले जाणारे औषध म्हणून, आणि दुर्दैवाने म्हशीने पान्हा सोडावा यासाठी टोचले जाणारे इंजेक्शन म्हणूनही, हे नाव परिचित आहे.

ताणाशी त्याचा संबंध झुरिक येथील 2003 च्या प्रयोगाने ठळक झाला. त्यात 37 निरोगी पुरुषांना अपरिचितांसमोर भाषण करण्यास व तोंडी गणिते सोडविण्यास सांगितले होते. ज्यांना ऑक्सिटोसिन मिळाले आणि ज्यांच्या तयारीच्या वेळी जिवलग मित्रही सोबत होता, त्यांच्यात कॉर्टिसॉल सर्वांत कमी आढळले. हा निष्कर्ष उद्धृत करताना मित्राचा उल्लेख पुष्कळदा गळतो, हे योग्य नव्हे.

चाचणीतील अडचणी

निरोगी पुरुषांचा काही मिनिटांचा ताण आणि बहुतांशी स्त्रिया असलेल्या काळजीवाहकांचा वर्षानुवर्षांचा ताण यांत मोठे अंतर आहे. म्हणून काळजीवाहकांवर स्वतंत्र चाचणी आवश्यक ठरते. तीत सहभागी व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले जातात. एकाला संप्रेरक, तर दुसऱ्याला दिसायला तसाच पण औषधरहित फवारा दिला जातो. कोणाला काय मिळाले हे ना त्यांना ठाऊक असते, ना मोजमाप करणाऱ्यांना. ही गुप्तता येथे विशेष महत्त्वाची आहे, कारण एरवी कोणी विचारपूस न करणाऱ्या माणसाला नियमित भेटून ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारले, तर तेवढ्यानेही हलके वाटू शकते. लाळेतील कॉर्टिसॉल दिवसातून अनेकदा मोजावे लागते, कारण ते सकाळी जास्त व रात्री कमी असते. मनावरील भारासाठी झारिट प्रश्नावली वापरतात. तीत 22 प्रश्न असून प्रत्येकास 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 88 गुण असतात.

रुग्णांना ऑक्सिटोसिन देण्याचेही प्रयत्न झाले आहेत. कॅनडा व अमेरिकेतील एका चाचणीत फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या उदासीनतेत अल्पशी सुधारणा दिसली. तिचा अहवाल 2025 साली प्रसिद्ध झाला.

औषधाविना आधार

फवाऱ्याने रुग्णाचे रात्रीचे जागरण थांबत नाही वा घरातील कामाची वाटणी बदलत नाही. त्यामुळे संप्रेरकाची तुलना केवळ औषधरहित फवाऱ्याशी नव्हे, तर प्रत्यक्ष मदतीशीही व्हावयास हवी. इंग्लंडमधील ‘स्टार्ट’ चाचणीत 260 काळजीवाहक सहभागी झाले होते. त्यांच्यापैकी एका गटाला आठ भेटींत ताण हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले आणि त्या गटातील चिंता व नैराश्य कमी झाले. गोव्यात बार्देस व तिसवाडी तालुक्यांतील 81 कुटुंबांवर झालेल्या चाचणीचा अहवाल 2008 साली प्रसिद्ध झाला. तीत प्रशिक्षित स्थानिक सल्लागार सहा महिने घरी जाऊन माहिती, मार्गदर्शन व धीर देत होते. काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रासही घटला. झारिट प्रश्नावलीवरील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही.