पाणाड्याचा नारळ आणि भूभौतिकशास्त्र

निरवांगी (ता. इंदापूर) : पाणाड्याच्या नारळावर विसंबून घेतलेले बोअर कोरडे गेले, की शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात. येथील काळ्या कातळात पाणी सर्वत्र नसते. ते भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकांचा विद्युतरोध मोजल्यास अशा थरांचा अंदाज बांधता येतो. ओलसर थराचा रोध कमी, तर अखंड कातळाचा जास्त असतो. हे भूभौतिकशास्त्राचे काम. १९६७ च्या कोयना भूकंपाचा अभ्यासही त्याच्याच कक्षेत येतो. पवईच्या आयआयटीत उपयोजित भूभौतिकशास्त्रात एमएस्सी करता येते. प्रवेश ‘जॅम’ या सामाईक परीक्षेतून मिळतो. त्यासाठी पदवीपर्यंत भौतिकशास्त्र व गणिताचा पाया पक्का हवा. हे शास्त्र पाण्याची हमी देत नाही. मात्र बोअर कोठे घेऊ नये, हे मोजमापाच्या आधारे सांगू शकते.